मदत हवी आहे : विहिरींच्या पाण्याचा डेटा खुला करायचाय, पण शेतकऱ्यांची ओळख कशी जपू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात पीएचडी करते. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड भागातल्या 46 विहिरींचं पाणी दोन वर्षं तपासलंय. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज), पीएच, नायट्रेट, सगळं एक्सेलमध्ये आहे. हा डेटा झेनोडोवर, म्हणजे संशोधनाचा डेटा खुला ठेवायच्या वेबसाइटवर, टाकायचा विचार आहे. सर्न ही युरोपातली संशोधन संस्था ती चालवते, फुकट आहे आणि डीओआय (डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा बाटल्या घेऊन बांधाबांधानं फिरायला नको.

अडचण अशी की प्रत्येक विहिरीचा जीपीएस पाच दशांश स्थळांपर्यंत आहे, म्हणजे साधारण मीटरभराच्या आत. नाव आणि गट नंबर काढला तरी नकाशावर विहीर सापडणारच. नमुना घेताना एक आजोबा म्हणाले होते, "पोरी, खारं पाणी म्हणून छापू नगंस. उद्या रान इकायचं झालं तर गिऱ्हाईक पळंल." ते डोक्यातून जात नाही. दोनच दशांश ठेवले तर किलोमीटरभराचा फरक पडतो, ओळख झाकली जाते. पण कालव्यापासूनचं अंतर काढणाऱ्याला तो डेटा निरुपयोगी.

कुणी असं काम केलंय का? मूळ स्थानं मागणाऱ्यालाच द्यायची आणि बाकी सगळं सीसी बाय 4.0 (श्रेय देऊन कुणीही वापरावं असा परवाना) खाली खुलं, हे चालेल का? संमती आम्ही तोंडी घेतली होती, तीही फक्त तपासणीपुरती. आता पुन्हा 46 घरी जाऊन मराठीत लेखी संमती घ्यावी असं मला वाटतं. गाइड म्हणतात गरज नाही. कुणाकडे मराठी संमतीपत्राचा नमुना असेल तर कृपया पाठवा.