दहाव्या फेरीत कीनन ॲलन: घ्यावा की सोडावा?

झेलबाद:
रविवारी ऑफिसच्या फँटसी लीगचा २०२५ सीझनचा ड्राफ्ट आहे, म्हणजे NFLचे (अमेरिकन फुटबॉल) खरे खेळाडू फेरीफेरीने निवडायचे आणि ते मैदानात जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला. १२ टीम, प्रत्येक कॅचला १ पॉइंट. रिसीव्हर (पास झेलणारा) कीनन ॲलन त्याच्या जुन्या टीमकडे, चार्जर्सकडे परत आलाय, पण दहाव्या फेरीपर्यंत त्याला कुणी विचारत नाही. '३३ वर्षांचा झाला, संपला', एवढंच ऐकतोय. मला पटत नाही. गेल्या सीझनला (२०२४) शिकागो बेअर्सकडून १५ सामन्यांत ७० कॅच, ७४४ यार्ड, ७ टचडाउन. म्हणजे यार्ड-टचडाउनचेही धरून सामन्यामागे १२च्या वर पॉइंट. तेही अशा टीममध्ये, जिथे नवखा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) केलब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला (बॉल फेकण्याआधीच पाडला गेला) आणि भर सीझनमध्ये आधी ऑफेन्स कोऑर्डिनेटर, मग हेड कोच घरी गेला. त्याआधी २०२३ला चार्जर्सचा क्वार्टरबॅक हर्बर्टबरोबर १३ सामन्यांत १०८ कॅच होते. घसरण ॲलनची की बेअर्सची?

चौथा_डाउन:
दोघांची. आणि १३च सामने का, तेही सांगा की राव! टाच दुखावली होती. २०२२ला हॅमस्ट्रिंग, तेव्हा १०च सामने. शिवाय चार्जर्सचे कोच हार्बॉ आणि ग्रेग रोमनना पासपेक्षा बॉल घेऊन पळायला लावणं आवडतं, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) ओमॅरियन हॅम्प्टन NFL ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत उगाच नाही घेतला. स्लॉटमध्ये (रिसीव्हरची आतली जागा) लॅड मकॉन्की बसलाय, पहिल्याच वर्षी ८२ कॅच, ११४९ यार्ड. उरलंसुरलं ॲलनला.

सॅनडिएगोवाली:
मकॉन्की बाहेरूनही खेळतो. ॲलनला मी २०१३पासून, टीम आमच्या गावात होती तेव्हापासून बघतेय. तो वेगावर कधी जगलाच नाही. पहिल्या दोन पावलांत असा काही झोल देतो की समोरच्या कॉर्नरचं (त्याला अडवणाऱ्या बचावपटूचं) वजन भलत्याच पायावर जातं, तोवर हा आत वळलेला असतो. थर्ड अँड सिक्सला (तिसरा प्रयत्न, अजून सहा यार्ड हवेत) हर्बर्ट आणखी कुणाकडे बघणार? त्यात हर्बर्टला वाचवणारा लेफ्ट टॅकल रशॉन स्लेटर ऑगस्टमध्येच अख्ख्या सीझनसाठी बाहेर गेलाय. बॉल लवकर सोडावा लागणार.

चौथा_डाउन:
ताई, चार्जर्सना उपयोग आहे हो, यांच्या लीगला नाही. असे बारा पॉइंटवाले वेव्हरवर (कुणीच न घेतलेल्या खेळाडूंत) मिळतात. शेवटच्या फेऱ्यांत ट्रे हॅरिससारखा रूकी (पहिल्याच वर्षाचा) रिसीव्हर घ्या. लागला तर लागला, नाही तर तिसऱ्या आठवड्यात सोडा. ॲलनला सोडवत नाही. नाव मोठं, म्हणून नऊ-नऊ पॉइंट करत बेंच अडवून बसतो.

जर्सीचे_नाना:
आमच्याकडे कॅचला पॉइंटच नाही. तिथे त्याचा तोच शिकागोचा सीझन सामन्यामागे आठच्याही खाली येतो. आम्ही नाही हात लावणार बुवा.

झेलबाद:
नाना, तुमच्या लीगमध्ये मीही नसता घेतला. @चौथा_डाउन, आमच्याकडे तीन रिसीव्हर आणि वर एक फ्लेक्स (रिसीव्हर, रनिंग बॅक, कुणीही चालतो) लावावा लागतो. ऑक्टोबरात बाय वीक (एकेका टीमची सुट्टी) सुरू झाल्यावर वेव्हरवर बारा पॉइंटवाला शोधून दाखवा. पहिल्या चार फेऱ्यांत मी तीन रनिंग बॅक उचलणार आहे, मला तिसऱ्या रिसीव्हरला लॉटरी परवडत नाही.

चौथा_डाउन:
तीन रनिंग बॅक? मग घ्या बाबा ॲलन. फक्त घाबरून आठव्यात उचलू नका.

झेलबाद:
आणि नवव्यात दुसऱ्याने नेला तर?

चौथा_डाउन:
तर सुटलात.