कोरियन लोकांना इंग्रजी फ्रेजल व्हर्ब्ज समजावायची कशी?

अर्धविराम:
नमस्कार मंडळी. मी देजॉनला पीएचडी करतेय. लॅबमधले माझे हुबे (म्हणजे ज्युनिअर) बरेच दिवस मागे लागलेत की आठवड्यातून एकदा इंग्रजी बोलण्याचा सराव करून घे. त्या बदल्यात ते माझं कोरियन सुधारतात, त्यामुळे सौदा वाईट नाही.

गंमत अशी की व्याकरण त्यांचं माझ्यापेक्षा पक्कं आहे. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' तोंडपाठ. पण मी 'लेट्स पुट इट ऑफ' (पुढे ढकलू या) म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. प्रत्येकाकडे वही आहे. डावीकडे फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असा छोटा शब्द जोडलेलं), उजवीकडे कोरियन अर्थ. 'पुट ऑफ' समोर 'यॉन्गीहादा' लिहिलेलं असतं, विचारलं तर धडाधड सांगतात, आणि बोलायला लागले की पुन्हा 'पोस्टपोन'. त्यात 'पुट ऑन', 'पुट अप', 'पुट अप विथ', 'पुट आउट' एका पानावर आले की संपलंच. एकजण म्हणाला, या 'पुट'वर बंदी आणायला हवी.

कोणी कोरियन लोकांना शिकवलंय का? दोनचार वाक्प्रचारही शिकवायचे आहेत. कृपया याद्या देऊ नका, याद्या त्यांच्याकडे पोत्यानं आहेत.

टिंबटिंब:
मालिका बघायला सांगा, इंग्रजी सबटायटल लावून. आपण तरी कुठे पाठ केलं होतं?

जुना_सुवॉनकर:
टिंबटिंब, आपण लहानपणापासून इंग्रजी कानावर पडत वाढलो. त्यांचं तसं नसतं. मालिका बघून ते हसतील, पण तोंडातून 'पोस्टपोन'च येणार.

अर्धविराम, मी सुवॉनला एका कंपनीत इंजिनिअर लोकांना बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. वह्यांचा तो प्रकार चांगला ओळखीचा आहे. माझं मत सरळ आहे: उजवीकडचा रकाना चुकीचा भरलाय. 'यॉन्गीहादा' हा चिनी मुळाचा शब्द, आपल्या 'स्थगित करणे'च्या जातीचा. त्याची जोडी 'पोस्टपोन'शीच लागते. म्हणून मुलं 'पोस्टपोन'कडे जातात, त्यांची काही चूक नाही. (त्यातून 'यॉन्गी' म्हणजे अभिनयही आणि धूरही, पण ते असो.) 'पुट ऑफ'समोर हवा 'मिरुदा', घरगुती कोरियन शब्द. आपण नाही का, सभा 'स्थगित' करतो आणि दाताच्या डॉक्टरकडे जाणं 'पुढे ढकलतो'. कोरियनमध्ये हे दोन थर आहेत, इंग्रजीतही आहेत. थराला थर लावा, निम्मं काम तिथेच होतं. 'टॉलरेट' जड आहे, 'पुट अप विथ' म्हणजे साधं 'छाम्ता', सहन करणं.

आता खरी मजा. तुम्ही मराठी आहात, हे इथे कामी येतं. आपण क्रियापदाला क्रियापद जोडतो: करून बघ, खाऊन टाक, लिहून ठेव, शोधून काढ. कोरियन हुबेहूब हेच करतं. 'मॉगॉ बोदा' म्हणजे खाऊन बघणे, आणि 'बोदा' म्हणजे खरोखरच बघणे. 'मॉगॉ बॉरिदा' म्हणजे खाऊन टाकणे, 'बॉरिदा' म्हणजे टाकणे, फेकणे. 'छाजानेदा' म्हणजे शोधून काढणे, त्यातला 'नेदा' म्हणजे बाहेर काढणे. इंग्रजांकडे हे दुसरं क्रियापद नाही. ते काम त्यांनी 'अप', 'आउट', 'ऑन' या चिमुकल्या शब्दांवर टाकलंय. 'फाइंड आउट'मधला 'आउट' म्हणजे 'नेदा'. 'पिक आउट' म्हणजे 'गोल्लानेदा', निवडून काढणे. 'ईट अप', 'यूज अप'मधला 'अप' म्हणजे 'ता... बॉरिदा', सगळं संपवून टाकलं.

हे फळ्यावर लिहिलं की वर्गात जो 'आऽऽ' निघतो ना, तो ऐकायला मजा येते. तोवर त्यांना वाटत असतं की 'अप' म्हणजे वर आणि जेवण वर कसं जातं.

एक धोका आधीच सांगतो. हा रस्ता इंग्रजीकडून कोरियनकडेच चालतो, उलटा नाही. 'इजॉबॉरिदा' म्हणजे विसरून जाणे, पण इंग्रजीत नुसतं 'फर्गेट'. हुशार मुलं लगेच 'फर्गेट अप' तयार करतात. शिवाय 'बॉरिदा'मध्ये हळहळ किंवा 'सुटलो एकदाचा' असा सूर असतो, आपल्या 'टाकलं'मध्ये असतो तसाच. 'अप'मध्ये तो नाही.

आणि 'पुट'वर बंदी आणू पाहणाऱ्या मुलाला 'पुट ऑन'पासून सुरू करा. कोरियनमध्ये कपडे 'इप्ता', बूट 'शिन्ता', टोपी आणि चष्मा 'स्सुदा', अंगठी आणि हातमोजे 'क्किदा', घड्याळ 'छादा', टाय 'मेदा'. इतकी क्रियापदं, आणि चुकीचं वापरलं तर लहान मूलही हसेल. इंग्रजीत या सगळ्याला मिळून एक 'पुट ऑन'. म्हणजे इथे इंग्रजी सोपं आहे, कठीण कोरियन आहे! हे ऐकून ते भलतेच खूश होतात. मग 'ट्राय ऑन' आपोआप येतं: 'इबॉ बोदा', घालून बघणे. फक्त 'वेअर'वर नजर ठेवा. 'इप्ता'समोर शब्दकोशात 'वेअर' पहिलं दिसतं, त्यामुळे बाहेर पडताना एकमेकांना 'वेअर युवर कोट' म्हणतात. 'वेअर' म्हणजे अंगावर असणं, 'पुट ऑन' म्हणजे चढवणं.

इंचॉनकर_आई:
सुवॉनकर, थरांची गोष्ट पटली, पण सरसकट लावू नका. 'गिव्ह अप'ला रोजच्या बोलण्यातही 'पोगिहादा'च म्हणतात आणि तो चिनी मुळाचा आहे. तिथे घरगुती शब्द शोधत बसलात तर मुलं म्हणतील, असं कोणी बोलत नाही.

जड शब्द येतात कुठून तेही लक्षात घ्या. माझी मुलगी इथल्याच शाळेत शिकली, सुनुंग दिली (बारावीच्या वर्षातली विद्यापीठ प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरात असते). इंग्रजीचे 45 प्रश्न, 70 मिनिटं. त्यातले 17 ऐकण्याचे, उरलेले 28 वाचनाचे. ऐकण्याच्या भागात देशभर विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात, इतकं त्याचं महत्त्व! पण वाचनातले उतारे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, विज्ञान असले. 'पुट अप विथ' त्यात कितीदा येणार? नोव्हेंबर 2017 च्या परीक्षेपासून इंग्रजीला निरपेक्ष श्रेणी आहे (बाकीच्यांशी तुलना नाही), 100 पैकी 90 आले की पहिली श्रेणी. तरी तयारीची पद्धत तीच. आणि बोलण्याचा भाग परीक्षेत नाहीच. मुलं जे विचारलं जातं ते शिकली, एवढंच.

वाक्प्रचारांचं मी सांगते. जिथे कोरियन म्हण तयार आहे तिथूनच सुरुवात करा. 'पीस ऑफ केक'ला (अगदी सोपं काम) 'नुवॉसॉ त्तॉक मॉक्की', आडवं पडून त्तॉक (तांदळाची वडी) खाणं. दोन्हीकडे खाणंच, लगेच बसतं. 'स्पीक ऑफ द डेव्हिल'ला त्यांच्याकडे वाघ येतो: वाघाचंसुद्धा नाव काढलं की तो हजर. 'काउंट युवर चिकन्स'ला 'किमचित्कुक आधी पिणं', म्हणजे त्तॉक देणाऱ्याच्या मनातही नाही आणि हा त्यासोबतचं किमचीचं पाणी पिऊन बसलाय. आपली बाजारात तुरी. 'पाय इन द स्काय'ला 'कुरिमे त्तॉक', चित्रातला त्तॉक, दिसतो पण हाती लागत नाही.

उलट दिशेनं मात्र फजिती होते. 'माझे पाय रुंद आहेत' असं कोणी इंग्रजीत म्हणालं तर बूट बदलायला सुचवू नका, त्याची ओळख दांडगी आहे असं त्याला म्हणायचंय. 'मी समुद्रशेवाळाचं सूप प्यायलो' म्हणजे परीक्षेत नापास झालो, शेवाळ निसरडं ना. 'कान पातळ' म्हणजे आपला हलक्या कानाचा. आणि 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' कृपया शिकवू नका, ते सगळ्यांना येतं आणि कोणी म्हणत नाही.

टिंबटिंब:
मालिका बघितल्यात मीही! 'फायटिंग' म्हणजे 'शाब्बास, हिंमत धर'. ते इंग्रजी नाहीच म्हणून सांगून टाका.

इंचॉनकर_आई:
टिंबटिंब, 2021 साली ऑक्सफर्ड शब्दकोशानं 'फायटिंग' आणि 'स्किनशिप' (जवळिकीचा स्पर्श) दोन्ही घेतलेत. त्यामुळे 'नाहीच' म्हणता येणार नाही, 'तिकडे कळणार नाही' म्हणता येईल. 'कनिंग' म्हणजे परीक्षेतली कॉपी, 'सर्व्हिस' म्हणजे दुकानदारानं फुकट दिलेलं, 'वन शॉट' म्हणजे एका दमात पेला रिकामा. हे मात्र परदेशात जाण्याआधी सांगाच.

अर्धविराम:
भारी! 'छाजानेदा' आजच करून पाहिलं. लॅबमधली सगळ्यात गप्प मुलगी स्वतःहून म्हणाली, मग 'फिगर आउट' म्हणजे 'आरानेदा' का? बरोबर ना?

पण एक गोष्ट राहिली. ते 'डिड यू टर्न ऑफ?' असं विचारतात. काय ते म्हणतच नाहीत. आणि म्हटलंच तर 'टर्न ऑफ इट'.

जुना_सुवॉनकर:
अगदी बरोबर, 'आरानेदा'. ती मुलगी पुढे जाणार.

'टर्न ऑफ'चं कारण तुमच्याच तोंडात आहे. दिवा दिसत असताना आपण विचारतो, 'बंद केलास का?' 'त्याला' म्हणत नाही. कोरियनही तेच: 'क्कॉस्सॉ?' झालं. इंग्रजीला मात्र तिथे 'इट' हवाच, कानाला खटकतं नाहीतर. आणि तो 'इट' मधे बसतो: 'टर्न इट ऑफ', 'पुट इट ऑफ', 'पिक इट अप'. दिव्याचं नाव घेतलंत तर मधे ठेवा नाहीतर मागे ठेवा, पण 'इट', 'देम', 'हिम' मधेच. नियम सांगत बसू नका. वाक्य तालात म्हणून घ्या, कारण पुढचा मुद्दा तालाचाच आहे.

कोरियनमध्ये शब्दातल्या एखाद्या अक्षरावर जोर देऊन अर्थ ठरत नाही, सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं येतात. 'पिक-इट-अप' असे तीन सारखे ठोकळे पडतात आणि समोरच्याला काही कळत नाही. जोर 'अप'वर हवा. 'लुक ॲट'मध्ये 'ॲट' गिळायचा, 'लुक इट अप'मध्ये 'अप' मोठ्यानं. जोडून म्हणणं त्यांना जमतं, कारण त्यांच्या भाषेत ते रोजचं आहे: 'ओत' म्हणजे कपडा, त्याला 'ई' लागला की 'ओशी'. तसंच 'पिक इट अप'चं अमेरिकन तोंडी 'पिकिरप'. हे हांगुलमध्ये (कोरियन लिपीत) लिहूनच दाखवा, लगेच पकडतात. 'फ'ची मात्र वेगळी तालीम घ्या. हांगुलमध्ये 'फ'ला अक्षर नाही, म्हणून 'फिल आउट' बोलताना 'पिल आउट' होतं.

इंचॉनकर ताईंचं 'पोगिहादा' मान्य. तिथे माझी युक्ती चालत नाही.

अर्धविराम:
शेवटची शंका. 'पुट अप विथ'मध्ये 'अप' कशाला आणि 'विथ' कशाला? 'पुट'वाल्या मुलानं विचारलंय. फोड करून हवीय त्याला.

जुना_सुवॉनकर:
इथे फोड करू नका, हाती काही लागत नाही. 'पुटप्विथ' असा एकच शब्द आहे असं समजून 'छाम्ता'शेजारी लिहायला सांगा आणि त्याच्याकडून त्याच्या रूममेटबद्दल वाक्यं करून घ्या. रूममेट घोरत असला तर फारच उत्तम.