माळ्यावरचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम आजच्या टीव्हीवर कसा लावायचा?

सुरंगी
नव्वदच्या दशकात ज्या व्हिडिओ गेमसाठी पोरं वार्षिक परीक्षेच्या टक्क्यांवर घरच्यांशी करार करायची, त्यातला एक लिटल मास्टर माळ्यावरून खाली आलाय. दोन रिमोट, बंदूक आणि चार कॅसेटी आहेत, ॲडाप्टर नाही. मागे अँटेनाची जागा, बाजूला पिवळं-पांढरं भोक. एका रिमोटचं उजवं बटण लागत नाही. घरात एलईडी टीव्ही आहे. काही जळू न देता सुरुवात कुठून करू?

तांब्याची तार
ॲडाप्टरपासून, आणि घाई न करता. लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर ही सगळी मंडळी म्हणजे १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डो फॅमिकॉमच्या नकला. फॅमिकॉमच्या प्लगमध्ये आतली पिन ऋण असते. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ॲडाप्टरांत ती धन असते. डोळे झाकून लावलात तर उलटा करंट जातो.

नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून खोलून बघा. पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने बसवलेला तीन पायांचा ७८०५ दिसेल, म्हणजे आतल्या सर्किटला ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर. त्याचा मधला पाय ऋण असतो. मल्टीमीटर बीपवर ठेवा, एक टोक ७८०५ च्या मधल्या पायाला, दुसरं जॅकच्या आतल्या पिनेला. बीप वाजला तर आतली पिन ऋण. बाहेरच्या पत्तीला वाजला तर आतली धन. कुठेच वाजला नाही तर आत चार डायोडचा ब्रिज असू शकतो. तसा दिसला तर कुठलीही बाजू चालते.

९ व्होल्ट, १ अँपिअरचा ॲडाप्टर घ्या. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर चालणार नाही, कारण ७८०५ ला ५ व्होल्ट बाहेर द्यायला आत साधारण ७ तरी लागतात. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा ॲडाप्टर मोकळा मोजल्यावर १२-१३ दाखवतो, तो बिघाड नव्हे, लोड आला की उतरतो. मात्र ७८०५ जास्त तापतो, त्याचा पत्रा काढू नका. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर इनपुटजवळचा मोठा कपॅसिटर सुकलाय. तितक्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त असलेला टाका.

आडवी पट्टी
टीव्हीला अँटेनाच्या वाटेने जाऊच नका. पिवळं म्हणजे चित्र, पांढरं म्हणजे आवाज, सरळ एव्हीत. टीव्हीला तीन भोकांऐवजी ३.५ मिमीचं एकच असेल तर त्या टीव्हीचीच केबल लागते. बाजारातल्या केबलींत पिनांचा क्रम वेगवेगळा असतो. चित्राऐवजी घरघर ऐकू आली तर रंग अदलाबदल करून बघा, त्याने नुकसान होत नाही.

बंदुकीची आशा मात्र सोडा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि निशाणाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक नेमक्या त्याच क्षणी प्रकाश शोधते. एलईडी टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, शिवाय बंदुकीतलं सर्किट पिक्चर ट्यूबच्या सेकंदाला १५ हजारांवर फिरणाऱ्या रेषांना ओळखतं. भंगारातून १४ इंची डबा टीव्ही मिळाला तर घ्याच. पण त्याचं मागचं झाकण उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहतं.

रिमोट: चार-पाच स्क्रू काढा, बटणाखालच्या रबराची काळी टिकली आणि पट्टीवरचा ठसा अल्कोहोलने पुसा. तरीही लागलं नाही तर टिकली झिजली आहे. न लागणाऱ्या बाणाची टिकली जुन्या टीव्ही रिमोटच्या रबरातून कापून चिकटवता येते. सगळीच बटणं मेली असती तर दोष तारेत असता, ती रिमोटच्या तोंडाशीच तुटते.

सुरंगी
दोघांचेही आभार. आतली पिन ऋण निघाली, तसा ॲडाप्टर आणला. पडदा आला! पण एका कॅसेटला संगीत नीट वाजतं आणि चित्रं सगळी फुटकी, दुसरीला नुसता राखाडी पडदा. फुंकर मारली, फरक नाही.

तांब्याची तार
फुंकर बंद. श्वासातल्या ओलीने पट्ट्या गंजतात. कधी चालतं ते कॅसेट काढून परत घातल्यामुळे. कॅसेटीत प्रोग्रॅम आणि चित्रं यांच्या तारा वेगळ्या असतात. पहिलीत प्रोग्रॅम पोचतोय, चित्रांची एखादी पिन टेकत नाही. दुसरीत प्रोग्रॅमच पोचत नाही. ६० पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने लांबीच्या दिशेने हलके घासा, चुरा झटका, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून काडी काळी येईनाशी होईपर्यंत पुसा. पाच मिनिटं वाळवा. गेम बंद ठेवून कॅसेट दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, म्हणजे सॉकेटच्या पिनाही घासल्या जातील.