मदत हवी आहे : एफडी ५० मिमी लेन्समधली बुरशी, आणि दशावताराचे फोटो

नमस्कार मंडळी,

काकांनी त्यांचा कॅनन एई-१ हा जुना फिल्म कॅमेरा आणि त्याची एफडी (कॅननच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या जोडणीची) ५० मिमी एफ १.८ लेन्स माझ्याकडे सोपवली आहे. सावंतवाडीच्या घरात हे सगळं चामडी केसमध्ये, बंद कपाटात होतं. कोकणातला पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. लेन्समागून टॉर्च धरला की आत एका कडेला कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसतात. बुरशीच आहे. फोकस रिंग जड झाली आहे, पण फिरते. अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, पाती कोरडी आहेत, नीट उघडमीट होते.

ही लेन्स मला वाचवायचीच आहे. ऐंशीच्या दशकात काकांनी जत्रांमधले दशावतार हिनेच टिपले. फ्लॅश नाही, ४०० ची कृष्णधवल फिल्म, पुढ्यात बसून. त्यातल्या संकासुराच्या एका फोटोत मागचा पेटीवालासुद्धा स्पष्ट दिसतो. तसं काम मला करायचं आहे, आणि कार्तिकात जत्रा सुरू होतील.

माझ्याकडे कॅनन आर५० हा डिजिटल मिररलेस कॅमेरा आहे, त्यावर सोबत मिळालेली १८-४५ ची किट लेन्स. ४५ वर तिचं अ‍ॅपर्चर एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). एफ १.८ ला त्याच्या साधारण बारा पट प्रकाश येतो. म्हणजे किट लेन्सला जिथे १/१० सेकंद लागतो, तिथे ही १/१२५ ला काम करेल. नाचणाऱ्या पात्राचा फोटो हलणं न हलणं यावरच ठरतं.

बुरशी साफ करून घेण्यात अर्थ आहे का, की काचेवरचं कोटिंग गेलंच असं समजायचं? तोवर ती इतर लेन्सच्या शेजारी ठेवली तर चालेल का? अ‍ॅडॉप्टर घेताना काय बघायचं? एका मित्राचा जुना कॅनन डीएसएलआर मिळतो आहे, त्यावर ही थेट बसेल का? एई-१ मध्ये नवी ६ व्होल्टची बॅटरी घातली तर शटर चालतं, पण प्रत्येक क्लिकला चिरका आवाज येतो आणि मागच्या दाराचा फोम चिकट झाला आहे. फिल्म घालण्याआधी काय करून घ्यावं?

प्रतिसाद

आधी ती चामडी केस बाजूला करा, चामडं ओल धरून ठेवतं. लेन्स वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका. ४० ते ५० टक्के आर्द्रता चांगली. साठच्या वर गेली की बुरशीला रान मोकळं. पण अगदी कोरडंही नको, आतलं वंगण सुकतं. धागे कडेलाच असतील तर साफसफाई जरूर करून घ्या. कोटिंग खाल्लं गेलंय का ते पुसल्यावरच कळतं, आणि थोडं गेलं असलं तरी फरक पडतो तो मुख्यतः समोरून दिवा आला की. रंगमंचावरचा दिवा थेट लेन्सवर येत असेल तर हे मात्र लक्षात घ्या. जोडलेल्या दोन काचांच्या मध्ये बुरशी असेल तर खर्च करू नका. घरी खोलू नका.

तो आवाज आरशाच्या यंत्रणेतलं वंगण सुकल्याचा, एई-१ मध्ये हे फार आढळतं. वंगण आणि फोम दोन्ही एकदमच करून घ्या. जुना फोम गळून पडला की प्रकाश आत शिरतो आणि रोल वाया जातो.

प्रतिसाद

डीएसएलआरचा नाद सोडा. एफडी लेन्सला माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) फिल्मपर्यंत ४२ मिमी अंतर लागतं, ईएफ बॉडीत, म्हणजे कॅननच्या डीएसएलआरमध्ये, ते ४४ आहे. मध्ये काच असलेला अ‍ॅडॉप्टर घातल्याशिवाय लांबचं फोकस होणार नाही, आणि ती काच चित्र बिघडवते. आर५० मध्ये हे अंतर २० मिमी, त्यामुळे २२ मिमीची साधी पोकळ नळी पुरते. फक्त अ‍ॅडॉप्टरवर लॉक-ओपन रिंग हवी, नाहीतर अ‍ॅपर्चर सतत पूर्ण उघडंच राहील. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ सुरू करा, फोकस पीकिंग लावा (फोकसमधल्या कडा पडद्यावर रंगीत दिसतात). आर५० वर ही ८० मिमीसारखी दिसेल. स्टेजवर एलईडी असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि सायलेंट मोड बंद, नाहीतर फोटोवर पट्टे येतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टॉर्चने पुन्हा पाहिलं, धागे पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला आहेत, म्हणजे लेन्स दुरुस्तीला देतो. रंगमंचावरच्या पळापळीत हाताने फोकस जमेल का?

प्रतिसाद

युद्धाच्या प्रवेशाला कठीण. त्यासाठी आर५० वर थेट बसणारी आरएफ ५० मिमी एफ १.८ घ्या, ऑटोफोकस आहे. काकांची लेन्स घेऊन नाटकाच्या आधी रंगपटात जा. कलाकार स्वतःच रंगरंगोटी करतात, आरशासमोर बराच वेळ स्थिर बसलेले असतात. तिथे आधी परवानगी विचारा, आणि एफ २.८ वर पाहा.