ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांवर एकगठ्ठा बंदी घालावी का?

ठिणगी: सोफ्याच्या फोममध्ये, टीव्हीच्या प्लास्टिकमध्ये आग लवकर पसरू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घालत आले. त्यातली पीबीडीई प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. ती वर्षानुवर्षं झिरपत घरातल्या धुळीत उतरतात आणि रांगणारं मूल तीच धूळ बोटांवरून तोंडात घालतं. स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे साठवलेले नमुने तपासले, तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात पीबीडीईचं प्रमाण साधारण दर ५ वर्षांनी दुप्पट झालेलं दिसलं. टिकाऊ घातक रसायनांवर बंदी आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत पेंटा आणि ऑक्टा हे पीबीडीईचे प्रकार २००९ साली आले, एचबीसीडी हे दुसरं ब्रोमीन संयुग २०१३ साली, आणि डेका हा पीबीडीईचाच आणखी एक प्रकार थेट २०१७ साली! एकाचा निकाल लागेपर्यंत दुसरं बाजारात मुरलेलं असतं. सगळा गटच बंद करा.

विझवणारा: सरसकट बंदीला माझा विरोध आहे. आग काही मिनिटांत माणसं मारते. शिवाय टीबीबीपीए हे संयुग सर्किट बोर्डाच्या इपॉक्सी राळेत रासायनिक बंधाने पक्कं बसलेलं असतं. ते पीबीडीईसारखं सहज सुटत नाही. दोघांना एकच शिक्षा कशी?

ठिणगी: आगीचा धोका मी नाकारत नाही. पण कॅलिफोर्नियाचा १९७५ चा नियम बघा: उघड्या फोमने १२ सेकंद ज्योत सोसायची. प्रत्यक्षात फोमवर कापड असतं, आग आधी कापड धरतं, आणि तीही बऱ्याचदा धुमसत्या सिगारेटमुळे. २०१३ मध्ये चाचणी बदलून धुमसण्याची केली. आता रसायन न घालताही सोफा पास होतो.

विझवणारा: सोफ्यापुरतं मान्य. विजेच्या उपकरणात ठिणगी आतच पडते, तिथे कापड बदलून काय होणार?

भंगारवाट: तुमचा तो पक्का बंध बोर्ड जाळेपर्यंतच टिकतो. तांबं काढायला उघड्यावर बोर्ड जाळले की ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी संयुगं तयार होतात. धूर पहिल्यांदा जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. आणि जुन्या टीव्हीचं काळं प्लास्टिक वितळवून त्याच्या पळ्या-उलथणी झाली, त्यांत डेका सापडलंय.

विझवणारा: २०२४ चा तो अभ्यास ना? त्यात डेकाची रोजची सुरक्षित मर्यादा ४,२०,००० नॅनोग्रॅमऐवजी ४२,००० धरली होती. नंतर दुरुस्ती छापावी लागली. लोकांना घाबरवताना आकडे तरी नीट द्या.

भंगारवाट: मर्यादेचा आकडा चुकला, पळीतलं डेका खोटं नव्हतं. पळीला अग्निरोधक लागतच नाही, मग ते तिथे का असावं?

विझवणारा: नसावंच. भंगारातलं काळं प्लास्टिक पुढे विकण्याआधी ब्रोमीनसाठी तपासणं सक्तीचं करा. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रावर ते काही सेकंदांत कळतं. उघड्यावर जाळणंही थांबवा, मी सोबत आहे. सर्किट बोर्डांवरच्या बंदीला मात्र माझा विरोध कायम.

ठिणगी: मग निदान सुट्या मिसळायच्या सगळ्या संयुगांवर तरी एकत्र बंदी मान्य करा. पुढचं भावंड बाजारात यायच्या आत.