अनुभव धागा : कंपनीने 'परदेशी जाणार का?' विचारलं तेव्हा

नुसतं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. तारीख हातात आली की पाय मागे येतात. गेलात, राहिलात, जाऊन परतलात, काय झालं ते लिहा. सुरुवात मीच करते. मी दोनदा हो म्हणून दोनदा माघार घेतली. पहिल्यांदा बाबांचं ऑपरेशन होतं. दुसऱ्यांदा निव्वळ भीती. साहेबांना दोन्ही वेळा बाबांचंच कारण सांगितलं.

*

मी अमेरिकेला गेलो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. पगाराचा आकडा दहादा तपासला, बायकोला कुठला व्हिसा मिळणार हे एकदाही पाहिलं नाही. तिला मिळाला एच-४, एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यावर काम करायचं तर साधारणपणे आधी नवऱ्याचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० हा अर्ज मंजूर व्हावा लागतो. ती ऑडिटमध्ये होती, माझ्यापेक्षा सीनियर. ऑफिसच्या कपड्यांची तिची बॅग वर्षभर कपाटात तळाशी पडून होती, विमानतळावरचा टॅगही काढला नव्हता. माझा सहकारी आमच्याच कंपनीतून एल-१वर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर आला. अशांच्या एल-२ व्हिसावरच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१पासून वेगळा परवाना न काढता नोकरी करता येते. त्याची बायको दोन महिन्यांत कामाला लागली. मजला एकच, काम तेच, फक्त व्हिसाचं अक्षर वेगळं! आमच्या घरात त्यावरून किती भांडणं झाली ते इथे लिहीत नाही.

*

एकटा जीव. उद्या पाठवा.

*

जर्मनी, ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना. जर्मन भाषा बी१पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, नुसत्या ए१वर, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीवर, २७. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात म्हणून मी क्लास टाळला. डॉक्टरकडे दुखणं हातवारे करून सांगितलं, त्या संध्याकाळी क्लासची फी भरली.

*

मला 'सहाच महिने' म्हणून पाठवलं. काम लांबलं आणि सहाव्या महिन्यात पेरोलवाल्यांचा घाबराघुबरा फोन आला, मुक्कामाचे दिवस मोजा म्हणून. बऱ्याच देशांत १८३ दिवसांच्या हिशोबावर माणूस करनिवासी, म्हणजे करापुरता तिथला रहिवासी ठरतो, हे तेव्हा कळलं. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन रात्री मोजत बसलो. १७१ निघाले. पुढच्याच आठवड्यात परत.

*

धागाकर्तीच लिहितेय. काल तिसऱ्यांदा विचारणा झाली. या वेळी आधी नवऱ्याला कुठला व्हिसा मिळेल ते विचारलं. एचआर म्हणाले, "बघून सांगतो."