नावापुढे बॅच पुरे, पदव्या कशाला?

खडूफळा: कालपासून एक पोस्ट फिरतेय की माजी विद्यार्थ्यांच्या यादीत नावापुढे बॅचचं वर्ष तेवढं लिहावं, पदव्या लावणं हा निव्वळ मोठेपणा. वाचून डोकं फिरलं. एकाच संस्थेतून कुणी १९८५ला बी.एस्सी., १९८७ला एम.एस्सी. आणि १९९३ला पीएच.डी. केली, तर त्याला कुठल्या बॅचचा म्हणायचं? अमेरिकेतल्या एमआयटीची पद्धत बघा. नुसतं ’८५ म्हणजे पहिली पदवी, मग स्वल्पविराम देऊन पुढच्या पदव्या, आपापल्या वर्षासकट. माणूस तिथे कधी, काय शिकला ते एका ओळीत कळतं. आणि कृपा करून वर्ष चार आकडी लिहा. ’०८ म्हणजे १९०८ की २००८? जुन्या संस्थेच्या यादीत दोन्ही असतात!

फक्त_बॅच: पोस्ट माझीच. यादी करायला बसा म्हणजे कळेल. नाव अर्ध्या ओळीत आणि पदव्या अडीच ओळींत, त्यात दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्रही घुसवलेलं. स्नेहमेळाव्यात पदवी कोण विचारतं? ‘कुठली बॅच?’ हेच विचारतात.

खडूफळा: मग कार्यशाळा गाळा ना! पीएच.डी.वर कुऱ्हाड कशाला?

मधली_सुट्टी: आधी हे ठरवा, बॅच म्हणजे प्रवेशाचं वर्ष की पास झाल्याचं? ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत प्रवेशाचं वर्ष धरतात, अमेरिकेत पदवीचं. माझ्या आईने १९७१ला प्रवेश घेतला, मध्येच लग्न झालं, शिक्षण सुटलं. बी.ए. झाली १९८०ला. ग्रुप फोटोत ती दुसऱ्या रांगेत आहे, मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून. मागे सगळ्यांची नावं तिनेच पेन्सिलीने लिहिलीत. यादीत मात्र ती १९८०च्या अनोळखी पोरांत. मैत्रिणींच्या मेळाव्याचं बोलावणं तिला आलंच नाही.

फक्त_बॅच: अहो, मी तरी दुसरं काय म्हणतोय? बॅच महत्त्वाची.

मधली_सुट्टी: तुमच्या यादीत पास झाल्याचंच वर्ष आहे. उघडून बघा.

रोलनंबर: आणि ज्यांनी पदवी घेतलीच नाही त्यांचं काय? माझ्या वडिलांना फी भरता आली नाही म्हणून शेवटच्या वर्षाला सोडावं लागलं. अमेरिकेतल्या काही कॉलेजांत अशांच्या वर्षाआधी ‘एक्स’ लावतात. तसला शिक्का मला वडिलांच्या नावावर नकोय.

खडूफळा: वाईट वाटलं वाचून. तरी माजी विद्यार्थी आणि पदवीधर यात फरक ठेवायलाच हवा. नाहीतर रात्रीचा दिवस करून पेपर दिलेल्यांची किंमत काय राहिली?

रोलनंबर: किंमत? ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बी.ए.वाल्यांना काही वर्षांनी वेगळी परीक्षा न देता एम.ए. मिळते. ती नावापुढे लागली की तुम्ही मान डोलावणार, आणि वर्षानुवर्षं त्याच बाकावर बसलेल्या माणसाला ‘फरक ठेवायला हवा’ म्हणून ऐकवणार? बोलताना जरा विचार करा.

खडूफळा: मी तुमच्या वडिलांबद्दल एक शब्द वावगा बोललेलो नाही. त्या एम.ए.चा मुद्दा मान्य, ती मलाही पटत नाही. वडिलांचं नाव यादीत हवंच, प्रवेशाच्या वर्षासकट. पदवीचा रकाना रिकामा राहील, इतकंच.

रोलनंबर: रिकामा रकाना दिसला की लोक विचारणारच, ‘पास नाही का झाले?’ म्हणून तर म्हणतो, रकानाच नको.

मधली_सुट्टी: म्हणजे मुलं झोपल्यावर अभ्यास करून आईने मिळवलेली पदवी झाकून ठेवायची? तुमचं दुःख खरं आहे, पण त्यापायी तिचा हक्क जाता कामा नये. प्रवेश १९७१, बी.ए. १९८०. दोन्ही छापून आलं पाहिजे.

फक्त_बॅच: बरं बाबा, तुमचं खरं! प्रवेशाचं वर्ष सगळ्यांचं, यादीही त्याच क्रमाने. वेगळा रकाना नाही. ज्याला हवी त्याने नावापुढे पदवी लिहावी, वर्षासकट, तीही याच संस्थेची. कार्यशाळा मात्र एकही छापणार नाही, मग कोणी कितीही रागवा.

रोलनंबर: ‘ज्याला हवी त्याने’ हे फॉर्मवर ठळक अक्षरांत येऊ दे. ते दिसल्यावर वडिलांचं नाव देतो, त्याआधी नाही.